एक होता कार्व्हर, पण जमीन कुणाची होती?

मागच्या भागात विद्यापीठं आणि शेतकरी यांच्याबद्दल बोलताना जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरचं नाव निघालं आणि आम्ही तिघंही एकदम दहा-बारा वर्षांचे झालो. एकीला ते पुस्तक बक्षीस मिळालं होतं, एकाने ते मामाकडून आणलं होतं, मी शाळेच्या वाचनालयातून. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आलं, आणि त्यानंतर मराठीत वाढलेल्या कुणाला कार्व्हर माहीत नाही असं फारसं होत नाही. इथे अमेरिकेत माझ्या विभागातल्या सहकाऱ्यांना कार्व्हर म्हटलं की शेंगदाणा आठवतो, तेवढंच. आपल्याला मात्र अख्खा माणूस आठवतो. त्याचा मला अभिमान वाटतो, आणि या लेखात थोडी टीका करणार आहे म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

पॉडकास्टमध्ये वेळ संपला, पण माझ्या डोक्यातला प्रश्न संपला नाही. कार्व्हरने सांगितलं ते शेतकऱ्यांनी केलं का? चवळी पेरली का, कंपोस्ट टाकलं का, कापूस कमी केला का? लहानपणी मला हा प्रश्न पडलाच नव्हता. कार्व्हर इतका चांगला माणूस, इतका हुशार, इतका कष्टाळू. त्याने सांगितलं म्हणजे लोकांनी ऐकलं असणारच, असं मी गृहीत धरलं होतं. आता मी स्वतः एका कृषी विद्यापीठाच्या गावात राहते, विद्यापीठाचे लोक शेतकऱ्यांकडे कसे जातात ते जवळून बघते, आणि मला वाटतं की ते गृहीत धरणं ही आपली एकट्याची चूक नव्हती. विद्यापीठंही अजून तेच गृहीत धरून चालतात.

आधी कार्व्हर. जन्म गुलामगिरीत, मिसुरी राज्यात, १८६४च्या आसपास. सिम्पसन कॉलेजात चित्रकला शिकायला गेला, तिथून १८९१ साली एम्सच्या कृषी महाविद्यालयात, म्हणजे आजच्या आयोवा स्टेट विद्यापीठात. १८९४ला पदवी, १८९६ला एम. एस. तिथला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि पहिला कृष्णवर्णीय अध्यापकही तोच. त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टनच्या बोलावण्यावरून तो अलाबामात टस्कीगीला गेला आणि मरेपर्यंत, १९४३पर्यंत, तिथेच राहिला.

योगायोग बघा. १९८१ सालीच, गवाणकरांचं पुस्तक आलं त्याच वर्षी, इंग्रजीत लिंडा मॅकमरी या इतिहासकार बाईंचं कार्व्हरचं चरित्र आलं. त्यांनी ‘शेंगदाण्यापासून तीनशे पदार्थ’ या दंतकथेची कसून तपासणी केली. त्यातल्या बऱ्याच गोष्टी पाककृती होत्या, बऱ्याच आधीपासून माहीत होत्या, आणि दक्षिणेतल्या शेतीचं अर्थकारण त्या पदार्थांनी बदललं हा दावा टिकत नाही. पण मॅकमरींना कार्व्हरला लहान करायचं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की या जादूगाराच्या प्रतिमेमागे त्याचं खरं काम झाकलं गेलं, आणि ते खरं काम म्हणजे गरिबातल्या गरीब शेतकऱ्यासाठी केलेलं विस्ताराचं काम.

ते काम खरोखर विलक्षण होतं. अलाबामा सरकारने टस्कीगीच्या प्रयोग केंद्राला वर्षाला १५०० डॉलर दिले होते. तेवढ्यात कार्व्हरने जे शोधलं त्याचा निकष एकच होता, शेतकऱ्याला काही विकत घ्यायला लागू नये. दलदलीतला काळा गाळ आणून शेतात टाका. जंगलातला पालापाचोळा कुजवा. कापसानंतर चवळी घ्या, म्हणजे जमिनीला नत्र मिळेल आणि घरात खायलाही होईल. आपल्याकडे ज्याला ‘बेवड’ म्हणतात तोच हा विचार. त्याने ४४ पत्रिका काढल्या, अगदी सोप्या भाषेत. शेंगदाण्याच्या १०५ पाककृतींची ती प्रसिद्ध पत्रिका १९१६ची. आणि जे वाचू शकत नव्हते त्यांच्यासाठी १९०६ साली न्यूयॉर्कच्या मॉरिस जेसप नावाच्या धनिकाच्या मदतीने एक घोडागाडी सजवली. अवजारं, बियाणं, लोणी काढायचं यंत्र असं सगळं घेऊन ती गाडी गावोगाव जायची. ती चालवणारा टॉमस कॅम्पबेल हा अमेरिकेच्या कृषी खात्याचा पहिला कृष्णवर्णीय विस्तार कार्यकर्ता.

आता माझा प्रश्न. ही गाडी ज्यांच्या दारात थांबायची ते बहुतेक लोक जमिनीचे मालक नव्हते. ते वाटेकरी होते किंवा खंडाने जमीन कसणारे होते. हंगामाच्या सुरुवातीला त्यांना खाण्यासाठी, बियाण्यासाठी व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागे, आणि उचलीच्या बदल्यात येणारं पीक तारण राही. व्यापाऱ्याला तारण म्हणून चवळी नको होती. त्याला कापूस हवा होता, कारण कापूस कधीही विकला जातो. म्हणजे शेतात काय पेरायचं हे कसणाऱ्याच्या हातातच नव्हतं. त्यात पुन्हा बरेच वाटेकरी वर्ष-दोन वर्षांनी जमीन बदलत. मग तीन वर्षं राबून पालापाचोळा कुजवायचा, माती काळी करायची, ती कुणासाठी? चौथ्या वर्षी त्या मातीत दुसराच कुणीतरी नांगर घालणार.

मार्क हर्सी या पर्यावरणाच्या इतिहासकाराने २०११च्या आपल्या पुस्तकात कार्व्हरला पर्यावरणाचा विचारवंत म्हणून पुन्हा मांडलं आहे. कार्व्हरची शेती शास्त्राच्या दृष्टीने बरोबर होती, काळाच्या पुढे होती. पण ती ज्या समाजात रुजवायची होती तिथे जमिनीची मालकी, कर्ज आणि वर्णभेद यांची एकमेकांत घट्ट गाठ बसलेली होती. पत्रिकेने ती सुटण्यासारखी नव्हती. टस्कीगीच्या आसपास काही कुटुंबांनी जमिनी घेतल्या, काहींचं आयुष्य खरंच बदललं. पण दक्षिणेतला वाटेकरी कंपोस्टने मुक्त झाला नाही. पुढे पुढे लाखो लोक शेती सोडून उत्तरेच्या शहरांत निघून गेले.

आपल्या मराठी वाचनात हे कुठे गेलं? गवाणकरांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. चरित्राच्या मध्यभागी माणूस असतो, आणि एका गुलामाच्या मुलाची गोष्ट त्यांनी मराठी घराघरांत नेली. जातीच्या समाजात वाढणाऱ्या मुलांनी ती वाचली याला मोल आहे. तक्रार आहे ती आपल्या वाचण्याबद्दल. आपण त्या पुस्तकातून कष्ट, जिद्द, साधेपणा घेतला, भाषणांत वापरला, आणि जमिनीचा प्रश्न तिथेच ठेवला. त्यामुळे आपल्या डोक्यात विस्तारकार्याचं एक चित्र पक्कं बसलं: ज्ञानी आणि निःस्वार्थी माणूस एका बाजूला, अडाणी पण भला शेतकरी दुसऱ्या बाजूला, आणि मधे फक्त ज्ञानाचं अंतर.

हेच चित्र अमेरिकन विद्यापीठांनी शास्त्र म्हणून मांडलं, आणि तेही कार्व्हरच्याच एम्समध्ये. थोडा इतिहास सांगते. १८६२च्या मॉरिल कायद्याने प्रत्येक राज्याला जमीन देऊन कृषी महाविद्यालयं उभी केली. आयोवा हे त्या कायद्याच्या अटी मान्य करणारं पहिलं राज्य. (ती जमीन मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती, जवळपास एक कोटी एकरांच्या वर. त्यावर स्वतंत्र भाग करायचाय.) १९०४ साली आयोवात पेरी होल्डन नावाचे प्राध्यापक आगगाडीच्या डब्यातून मक्याच्या बियाण्यावर व्याख्यानं देत फिरले. त्यानंतर दोनच वर्षांनी कार्व्हरची घोडागाडी निघाली. १९१४च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने या फिरस्तीला कायमचं सरकारी रूप मिळालं. प्रत्येक राज्यात विस्तार सेवा आली, पुढे जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात तिचं कार्यालय आलं. पण पैसा कुठल्या महाविद्यालयाकडे जाईल ते राज्यांच्या विधिमंडळांवर सोडलं होतं. अलाबामात तो गोऱ्यांच्या ऑबर्नकडे गेला. ज्या टस्कीगीने गाडी आधी चालवली ती नव्या व्यवस्थेत दुय्यम झाली.

मग १९४३ साली, कार्व्हर वारला त्याच वर्षी, एम्सच्या ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांचा संकरित मक्यावरचा अभ्यास आला. आयोवातल्या दोन वस्त्यांमधल्या शेतकऱ्यांनी नवं बियाणं कधी आणि कुणाचं बघून घेतलं, याचा हा अभ्यास. त्याच विद्यापीठात शिकलेल्या एव्हरेट रॉजर्सने १९६२मध्ये त्यावरून मोठा सिद्धांत केला. आधी घेणारे, मग बहुसंख्य, आणि शेवटी ‘मागे राहिलेले’. हा सिद्धांत जगभर गेला. आपल्या कृषी विद्यापीठांत ‘विस्तार शिक्षण’ हा विषय शिकलेल्या कुणालाही विचारा, ती घंटेच्या आकाराची आकृती त्याने काढलेली असते. आपला ‘प्रगतशील शेतकरी’ हा शब्दही याच घरातला. शब्द ऐकायला छान आहे, पण मग बाकीचे कोण? अप्रगतशील?

गंमत अशी की रॉजर्सचे वडील स्वतः आयोवातले शेतकरी होते आणि त्यांनी संकरित मका कितीतरी वर्षं घेतला नाही. १९३६च्या दुष्काळात शेजाऱ्याचा मका उभा आणि आपला वाळलेला बघितल्यावर घेतला. आणि रॉजर्सनेच पुढे आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्त्यांमध्ये दोन दोष मान्य केले. एक, नवं ते चांगलंच असं धरून चालणं. दुसरा, एखाद्याने नवं घेतलं नाही तर दोष त्या व्यक्तीच्या माथी मारणं, व्यवस्थेकडे न बघणं. हा दुसरा दोष त्याने नावासकट मांडला, तरी विस्तारकार्याच्या सवयीत तो तसाच राहिला असं माझं मत आहे. का, ते सांगते.

आज एम्समध्ये शाश्वत शेतीवर जे संशोधन होतं ते उत्तम आहे, आणि मी ते उपरोधाने म्हणत नाही. विद्यापीठाच्या मार्सडेन शेतावर दोन दशकांपासून तुलना चालू आहे: नेहमीची मका-सोयाबीनची दोन वर्षांची फेरपालट एका बाजूला, आणि त्यात ओट, क्लोव्हर, लसूणघास घालून तीन-चार वर्षांची फेरपालट दुसऱ्या बाजूला, शेणखतासह. २०१२ साली निष्कर्ष छापले गेले. लांब फेरपालटीत उत्पन्न आणि नफा कमी होत नाही, उलट रासायनिक नत्र आणि तणनाशकं यांची गरज खूप घटते. दुसरा प्रयोग गवताळ पट्ट्यांचा. उताराच्या शेतात फक्त दहा टक्के जागेवर मूळ माळरानाचं गवत आणि फुलझाडं लावली, तर वाहून जाणारी माती सुमारे वीसपट कमी होते आणि पक्षी, मधमाश्या परत येतात. २०१८च्या केंद्रीय शेती कायद्यात या पट्ट्यांना अनुदान मिळालं. विद्यापीठाच्या कामाला याहून मोठी पावती कुठली?

आणि तरी. आयोवात मका आणि सोयाबीन मिळून सव्वादोन कोटी एकरांच्या वर आहे. २०२२च्या कृषी गणनेत आच्छादन पिकं, म्हणजे सुगीनंतर जमीन उघडी राहू नये म्हणून पेरलेली राय वगैरे, भरली सुमारे तेरा लाख एकर. इतक्या वर्षांच्या शेतभेटी, पत्रिका, व्हिडिओ आणि अनुदानांनंतर.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका शेतभेटीला मी गेले होते. कुठला जिल्हा, कार्यक्रम कुणाचा, ते महत्त्वाचं नाही. आपल्या शिवारफेरीसारखाच प्रकार: ट्रॅक्टरच्या मागे गवताच्या गठ्ठ्यांवर बसून शेत बघायचं, मातीचा खड्डा बघायचा, मग शेडमध्ये जेवण. मांडणी करणारे तज्ज्ञ मनापासून बोलत होते. प्रश्नोत्तरांत एक पन्नाशीचे गृहस्थ उठले. ते म्हणाले, मी कसतो त्यातली बरीचशी जमीन भाड्याची आहे. करार एका वर्षाचा. राय पेरायचा खर्च माझा, ती मारायची मेहनत माझी, पहिल्या वर्षी मका कमी आला तर तोटा माझा. चार वर्षांनी माती सुधारली की मालक भाडं वाढवणार, नाहीतर जास्त देणाऱ्या शेजाऱ्याला देणार. मी हे का करू?

उत्तर आलं, ‘जमीनमालकाशी मोकळेपणाने बोला.’ आणि मग पुढची स्लाइड.

मी तिथे बसल्या बसल्या अलाबामात पोचले. दोन माणसांची तुलना होऊ शकत नाही, हे मला कळतं. हा गृहस्थ गोरा, लाखो डॉलरच्या यंत्रांचा मालक. तो वाटेकरी कर्जात बुडालेला आणि कायद्याचं संरक्षण नसलेला. पण प्रश्न एकच होता, शब्दाला शब्द. मी सुधारलेली माती कुणाची? आणि शंभर वर्षांच्या विस्तारकार्याकडे त्यावर एका वाक्याचं उत्तर होतं.

हा प्रश्न तिथे कुणाला माहीत नव्हता असंही नाही. आयोवातली जमीन कुणाची, कोण कसतं, याची पाहणी खुद्द आयोवा स्टेट विद्यापीठच दर काही वर्षांनी करतं. त्यांचेच आकडे सांगतात की राज्यातली निम्म्याहून जास्त शेतजमीन भाड्याने कसली जाते, आणि मालकांमध्ये वृद्धांचं प्रमाण मोठं आहे. त्यातले कितीतरी जण त्या गावात राहतही नाहीत. कायद्याने १ सप्टेंबरपर्यंत नोटीस दिली की पुढच्या १ मार्चला करार संपतो. म्हणजे एका इमारतीत हे आकडे गोळा होतात आणि दुसऱ्या इमारतीत शेतकऱ्याची ‘मानसिकता’ कशी बदलायची याचं प्रशिक्षण चालतं.

इथे प्रामाणिक आक्षेप येतात आणि ते घ्यायला हवेत. पहिला, विद्यापीठ कायदे करत नाही. बरोबर. पण बोलण्याची किंमत काय पडते तेही बघा. १९८७ साली आयोवाने भूजल संरक्षणाचा कायदा केला, खतं आणि कीटकनाशकांवर शुल्क लावलं आणि त्यातून एम्समध्ये शाश्वत शेतीचं लिओपोल्ड केंद्र उभं केलं. तीस वर्षं त्याने अडचणीचे प्रश्न विचारले. २०१७मध्ये विधिमंडळाने त्याचा निधी काढून घेतला. त्याच वर्षी दे मॉइन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने वरच्या अंगाच्या तीन जिल्ह्यांतल्या निचरा मंडळांवर नायट्रेटसाठी केलेला दावा न्यायालयाने फेटाळला. २०२५च्या जूनमध्ये नद्यांमधलं नायट्रेट इतकं वाढलं की दे मॉइन परिसरात हिरवळीला पाणी घालायला बंदी करावी लागली. अशा हवेत विस्तार कार्यकर्ता ‘स्वेच्छेने करा’ यापलीकडे जात नसेल, तर तो भित्रा आहे म्हणून नव्हे. त्याची नोकरी कशावर चालते ते त्याला माहीत आहे. मला समजतं, पण मग अपयशाचं खापर शेतकऱ्याच्या मानसिकतेवर फोडू नये.

दुसरा आक्षेप, भाड्याने कसणारेही चांगल्या पद्धती घेतात. हो, काही घेतात. विनानांगरणी पेरणी ते सहज घेतात, कारण त्यात डिझेल त्याच वर्षी वाचतं. ज्याचं फळ चार वर्षांनी मिळतं तिथे घोडं अडतं. म्हणजे प्रश्न पुन्हा तोच.

आणि काही जण वेगळं करूनही दाखवतात. आयोवात १९८५पासून शेतकऱ्यांची स्वतःची एक संघटना आहे, प्रॅक्टिकल फार्मर्स ऑफ आयोवा. तिथे प्रयोगाचा प्रश्न शेतकरी ठरवतो, प्रयोग त्याच्याच शेतावर होतो, विद्यापीठाचे लोक मदतीला असतात. आयोवाच्या जवळपास निम्म्या शेतजमिनीवर बायकांचं नाव आहे, आणि काही गटांनी मुद्दाम या जमीनमालक बायकांच्या बैठका घेतल्या: तुमची जमीन कशी कसली जावी हे तुम्ही करारात लिहू शकता, राय पेरायचा खर्च अर्धा वाटून घेऊ शकता, करार पाच वर्षांचा करू शकता. हेसुद्धा विस्तारकार्यच. फक्त यात शिकवायचं कुणाला, हे बदललं. कसणाऱ्याऐवजी मालकाला.

आपल्याकडे काय? माझे काका विदर्भात आहेत. गावातली बरीच जमीन शहरात राहणाऱ्यांच्या नावावर आहे आणि ती मक्त्याने किंवा बटाईने कसली जाते. करार तोंडी, कारण कूळकायद्याच्या धास्तीने मालक कागद करत नाही. ज्याचा सातबारा त्याला पीककर्ज, त्याला योजना. कसणारा ठिबकही लावत नाही आणि हिरवळीच्या खतासाठी ताग गाडण्यात हंगामही घालवत नाही. विद्यापीठाच्या शिवारफेरीत तो येतो, बघतो, मान डोलावतो आणि घरी जाऊन सोयाबीनच पेरतो. तिथला तज्ज्ञ त्याला काय म्हणत असेल, याचा अंदाज तुम्हाला आता आला असेल. आपली कृषी विद्यापीठं याच अमेरिकन नमुन्यावर उभी राहिली, पंतनगर तर १९६०मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या थेट मदतीने. नमुन्यासोबत त्याचं हे आंधळेपणही आलं.

या सुट्टीत भाचीला ‘एक होता कार्व्हर’ देणार आहे. ती वाचेल, तिला आवडेल, आवडायलाच हवं. तिला एकच गोष्ट विचारायची ठरवलीय: ती गाडी ज्यांच्या दारात थांबली, त्या लोकांची जमीन कुणाची होती, सांग बरं. आणि पुढच्या शेतभेटीत ते गृहस्थ पुन्हा उठले, तर यावेळी मी पुढच्या स्लाइडपर्यंत थांबणार नाही. हात वर करून म्हणेन, आधी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्या.